कूपोचा अंबाडा

पहिला फोन शोभनाचा आला, सकाळचा चहा व्हायच्या आधी. तिला म्हणे रात्रीपासून सर्दी झाली होती आणि अवघडलेल्या बाईसमोर सर्दी घेऊन येणं बरं दिसलं नसतं. प्रतिमा म्हणाली, "बरोबर आहे, आराम कर." दुसरा दीपाचा. तिच्या मुलीची नेमकी आजच मॅच निघाली होती. तिसरी कांचन. ती बिचारी सरळ स्वभावाची, तिला धड खोटंही बोलता येईना.

"काकू, राग नका मानू. पण यीवानची ती आजी... ती चायनाहून कधी आली?"

"अगं, यीवान चार वर्षांची होती तेव्हा आली ती! तिनंच तर वाढवलं हिला."

"हो, ते माहितीये. पण ती दर रविवारी ओकलंडच्या चायनाटाउनमध्ये जाते ना? तिथं रोज कोणी ना कोणी तिकडून येतंच. आणि मागच्या वीकेंडला केवढी खोकत होती. माझ्या घरी लहान बाळ आहे, काकू. मला कळत नाहीये काय करू."

"नको येऊस," प्रतिमा म्हणाली. "मी डबा पाठवीन."

डबा तरी कोण घेणार या घरचा, हे तिला फोन ठेवल्यावर सुचलं. ओट्यावर डोहाळजेवणासाठी तीस माणसांचं पुरण शिजून निवत पडलं होतं. हॉलमध्ये तिच्या मुलानं, शंतनूनं, छताला हुक ठोकून झोपाळा टांगला होता आणि लेक इशितानं मिशिगनहून येताना आणलेल्या खोट्या मोगऱ्याच्या माळा त्याला गुंडाळल्या होत्या. इतका नटवलेला झोपाळा आणि बघायला कोणी नाही. वरच्या खोलीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. घरातली सगळी माणसं जिथल्या तिथं थांबली आणि उबळ संपल्यावर पुन्हा हलू लागली. गेले तीन आठवडे हे असंच चाललं होतं.

"ती सकाळपासून खोकून राहिली," प्रतिमाचे यजमान त्र्यंबकराव टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. नागपूरहून अमेरिकेत, क्युपर्टिनोला, सुनेच्या बाळंतपणासाठी आलेला हा माणूस दिवसभर बातम्यांसमोर बसायचा. सार्सच्या साथीचे आकडे, तोंडाला फडकी बांधलेली माणसं, आणि नकाशावर लाल केलेला चीनचा ग्वांगडोंग प्रांत. दोन हजार तीनच्या त्या एप्रिलमध्ये त्यांना नागपूरचं तापमान माहीत नसेल, पण ग्वांगडोंगचं सगळं माहीत होतं. स्वतःच्या कपाच्या कानाला त्यांनी लाल दोरा बांधून ठेवला होता, चुकून कूपोच्या हाती जाऊ नये म्हणून.

कूपो म्हणजे यीवानच्या वडिलांची आत्या. तिला सगळे कूपोच म्हणत. यीवानचे आईवडील गेल्यापासून यीवानला माहेर म्हणून जे काही होतं ते ही एवढीच बाई. ताठ कण्याची, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालणारी. मागच्या खेपेला यीवानचं राहिलेलं पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हा प्रतिमा नागपुरात फोन कानाला लावून रडत होती आणि इथं कूपो त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ते प्रतिमा विसरली नव्हती. आता आठवा महिना होता. यीवानच्या पायांवर सूज होती, ब्लडप्रेशर चढत होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला कसलाही ताण नको. प्रतिमा सकाळी उठल्यावर आधी सुनेच्या पावलांकडे बघायची, मग देवाकडे.

जेवायला घरचेच बसले. यीवान हिरव्या साडीत, कपाळावर टिकली, समोर पुरणपोळी. कूपो टेबलाच्या टोकाला, आपण होऊन खुर्ची लांब ओढून. तिनं आयुष्याची पंचवीस-तीस वर्षं हाँगकाँगला गोऱ्या साहेबांच्या घरी काम केलं होतं. इंग्रजी मोडकं, पण बोलायची ठणठणीत.

"मी बुधवारी जाते," ती म्हणाली. "गावी. शुनदक. आ-होंग आजारी आहे. तिकीट घेतलं."

यीवानच्या हातातला घास ताटात पडला. "नो. कूपो, नो वे."

"तिकीट घेतलं," कूपो पुन्हा म्हणाली.

"कूपो, शुनदक ग्वांगडोंगमध्येच आहे ना?" शंतनू म्हणाला. "एक्झॅक्टली जिथून हे सगळं सुरू झालंय! लोक तिकडचे प्लॅन कॅन्सल करतायत आणि तुम्ही निघालात?"

"जाऊ द्या ना तिला," त्र्यंबकराव मऊ आवाजात म्हणाले. "म्हातारं माणूस आहे. मैत्रिणीत जीव अडकला असेल. आपण कोण अडवणारे?"

नवऱ्याच्या तोंडून कूपोबद्दल महिन्याभरात निघालेला हा पहिला चांगला शब्द. प्रतिमानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पोळीवर तूप घेऊ लागले. इशिता मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"बाबा, तुम्हाला ती का जायला हवीय ते सगळ्यांना कळतंय. एकदा ती गेली की तुमचा कप सेफ."

"इशिता!"

"खरं तेच बोलतेय मी. यीवान, तू नाही म्हण. आय ॲम विथ यू."

शंतनूच्या लग्नाच्या वेळी हीच इशिता चार दिवस अन्न सोडून बसली होती, चिनी वहिनी नको म्हणून. आज ती उठून वहिनीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. माणसं कधी कोणाच्या बाजूला जाऊन बसतील, काही सांगता येत नाही.

"पण बाबा एका अर्थी बरोबर आहेत," शंतनू हळूच म्हणाला. "ती मोठी बाई आहे. आपण तिला कोंडून नाही ठेवू शकत."

"यू टू?" यीवान नवऱ्याकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. मग ती कूपोला चिनी भाषेत काहीतरी भराभर बोलली, आणि मध्येच सगळ्यांना कळावं म्हणून की काय, इंग्रजीवर आली. "गेलीस तर बाळ येईपर्यंत तुला या घरात परत येता येणार नाही. मी येऊ देणार नाही. समजतंय का तुला?"

"समजतं," कूपो म्हणाली. "मी परत येत नाही."

यीवान उठली, भिंत धरत खोलीत गेली. तिच्यामागून शंतनू प्रेशरचं मशीन घेऊन गेला आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाला, "आई, प्रेशर वाढलंय. डॉक्टरांना फोन करतो."

मागच्या वेळीही असंच एका दुपारी सुरू झालं होतं. बाई राहिली तर तिचा खोकला, गेली तर सुनेचा जीव वर-खाली, आणि जाऊन परत आली तर त्याहून भयंकर. इकडे आड, तिकडे विहीर. काहीतरी करायला हवं होतं, आणि आजच.

तेव्हा तिला कंगवा आठवला.

प्रतिमा नवऱ्याच्या आधीच, हिवाळ्याच्या सुरुवातीला इथं आली होती, तेव्हा दोघी ओट्याशी लसूण सोलत बसायच्या. निम्मं इंग्रजीत, निम्मं हातवाऱ्यांनी कूपोनं तिला सगळं सांगितलं होतं. शुनदकला तुतीच्या बागा होत्या आणि रेशमाच्या गिरण्या. गिरणीत कमावणाऱ्या काही मुली लग्नच करायचं नाही असं ठरवायच्या. तिकडे लग्नाच्या दिवशी मुलीची वेणी सोडून अंबाडा घालतात. या मुली देवीसमोर बसून स्वतःच्या हातानं अंबाडा घालायच्या. झालं, आता जन्मभर कोणी लग्नाचं नाव काढायचं नाही. पण मग म्हातारपणी बघणार कोण? म्हणून दोघी-दोघी एकमेकींच्या बहिणी व्हायच्या, शपथ घेऊन. कूपोची बहीण आ-होंग. दोघींनी कंगवे बदलले होते. "तिचा माझ्याकडे, माझा तिच्याकडे," कूपो म्हणाली होती. "जी मागं राहील, तिनं गेलेलीचे केस विंचरायचे. तिच्याच कंगव्यानं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही." तिचा स्वतःचा कंगवा कडेचा एक दात तुटलेला होता, तरी आ-होंगनं तोच मागून घेतला, हे सांगताना ती म्हातारी सोळा वर्षांच्या पोरीसारखी लाजली होती. मग गिरण्या बुडाल्या, दोघी हाँगकाँगला मोलकरणी झाल्या, एक अमेरिकेत आली, एक गावी परतली. पण कंगवे होते तिथंच राहिले.

आ-होंगचा कंगवा घेतल्याशिवाय कूपो जाणार नाही, जाऊन उपयोगच नाही, असा प्रतिमानं हिशेब केला. कंगवा सापडला नाही तर बुधवारचं विमान जाईल. बाळ सुखरूप होऊ दे, मग देईन काढून आणि पाया पडेन तिच्या. चोरी ती चोरीच, हे तिला कळत होतं. शाळामास्तरीण होती ती, उभं आयुष्य पोरांना 'खोटं बोलू नये' शिकवण्यात गेलेलं. पण नातवंडाच्या जिवापुढे शाळा कुठली आठवते!

कूपो मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. प्रतिमा तिच्या खोलीत शिरली. बॅग भरून तयार होती. उशीखाली रेशमी फडक्याची पुरचुंडी. तिनं घाईघाईनं गाठ सोडली.

आत दोन कंगवे होते. दोन्ही पिवळसर लाकडाचे, वापरून गुळगुळीत झालेले. आणि त्यातल्या एकाचा कडेचा दात तुटलेला होता.

प्रतिमा पलंगावर बसलीच. तुटक्या दाताचा कंगवा आ-होंगकडे असायला हवा होता. तो इथं परत आला होता, म्हणजे तो सांभाळणारी उरली नव्हती. मग ही बाई बुधवारी चालली होती कोणाकडे?

दारात कूपो उभी होती. हातावर कपड्यांची चळत. ती ओरडली नाही. कपडे ठेवून दार लावलं आणि खिडकीपाशी लांब जाऊन उभी राहिली.

"कधी गेली?" प्रतिमानं इंग्रजीत विचारलं.

"थंडीत. नवीन वर्षाच्या आधी. तिच्या भाच्यानं कंगवा पाठवला, ओकलंडला, माणसाबरोबर." तिनं तोंडावर रुमाल धरला. उबळ आली आणि बराच वेळ गेली नाही. रुमाल खाली आला तेव्हा त्यावर लाल ठिपके होते.

प्रतिमा ताडकन उठून मागं सरली. हात आपोआप पदराला पुसले गेले. कूपोनं ते पाहिलं आणि मान हलवली, जणू बरोबरच केलंस.

"किती दिवस?"

"दोन महिने. मी वाटी वेगळी ठेवते. टॉवेल वेगळा. यीवानजवळ बसत नाही, बघितलंस ना तू?"

बघितलं होतं. प्रतिमाला वाटलं होतं, म्हातारी रुसली आहे.

"मग डॉक्टरकडे जायचं सोडून चीनला कशाला?"

कूपोनं तिला समजावून सांगितलं, थांबत थांबत, लहान मुलाला सांगतात तसं. जिनं आपल्या हातानं अंबाडा घातला तिनं माहेरच्या छपराखाली मरायचं नसतं. भावाच्या घरी नाही, भाच्याच्या लेकीच्या घरी नाही. मेली तर त्या घराला बाधतं. "इथं बाळ येतं," ती म्हणाली. "मी मरते. एका घरात दोन्ही? नाही. मागचं बाळ गेलं तेव्हा पण मी घरात होते. तेव्हा आजारी नव्हते, तरी गेलं. मला भीती वाटते." गावात बहिणींनी मिळून बांधलेली एक जागा होती, त्यांना मरायला म्हणूनच. आता तिथं कोणी उरलं नसेल. पण छप्पर होतं.

प्रतिमानं फक्त पुरचुंडी बांधून जागेवर ठेवायची होती आणि खाली जायचं होतं. बस्स, एवढंच. बुधवारी विमान उडालं असतं आणि खोकला घरातून गेला असता. कांचन, दीपा, शोभना बारशाला आल्या असत्या. कोणी तिला बोल लावला नसता, कारण कोणाला कळलंच नसतं. हे सगळं तिला एका क्षणात दिसलं आणि हवंसं वाटलं. आणि हवंसं वाटलं म्हणून स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. ही बाई तिच्याच नातवंडासाठी परक्यासारखी जाऊन मरणार होती. दोघी एकाच जिवासाठी भीत होत्या, आणि त्या जिवाला अजून नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं.

"तुझे केस कोण विंचरणार तिथं?" तिनं विचारलं.

प्रथमच कूपोची मान खाली गेली.

"मग मरायचं कोणाच्या घरी चालतं?"

"बहिणीच्या. कंगव्याच्या बहिणीच्या. दुसऱ्या कोणाच्या नाही."

प्रतिमा आपल्या खोलीत गेली. तिथं शिसवीची फणी होती, आईनं दिलेली, नागपूरहून येताना कशी कोण जाणे बॅगेत आली होती. ती घेऊन, खोबरेल तेलाची बाटली घेऊन आणि नाकातोंडावर ओढणी बांधून ती परत आली. खिडकी सताड उघडली. "बस," ती म्हणाली.

"हे घर यीवानचं आहे," कूपो म्हणाली. तिच्या लक्षात आलं होतं.

"हे घर माझ्या मुलाचं. मुलाचं ते आईचं. क्युपर्टिनोत नसेल तसं, नागपुरात तसंच असतं. तू माझ्या घरी आहेस. आणि मरायचं काय घेऊन बसलीस? सोमवारी डॉक्टर. मी येणार बरोबर. शंतनूला आत्ता सांगणार आहे. औषध असलं तर घ्यायचं, हॉस्पिटलमध्ये ठेवलं तर राहायचं. त्यातूनही काही झालंच, तर केस मी विंचरीन. बस आता."

"तू घाबरतेस," कूपो म्हणाली.

"हो, घाबरते. खूप घाबरते."

कूपो बसली. प्रतिमानं अंबाड्यातली पिन काढली. केस कमरेपर्यंत आले, पांढरे, विरळ. तुटक्या दाताच्या कंगव्यानं तिनं भांग न पाडता केस मागं घेतले, तेल चोळलं, आणि तिला येत होता तसाच अंबाडा घातला, मानेवर, सैलसर, तिच्या आईचा असायचा तसा. अंबाडा झाल्यावर कूपोनं तो कंगवा तिच्या हातातून घेतला नाही. उलट स्वतःचा तळवा पुढे केला आणि वाट पाहत राहिली. प्रतिमाला क्षणभर कळलं नाही. मग तिनं शिसवीची फणी त्या तळव्यावर ठेवली.

शंतनूला जिन्यातच गाठून तिनं सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला. "आई, टीबी वगैरे असेल तर? यीवानला... बाळाला..."

"म्हणून तर सांगतेय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना विचार, आपण सगळ्यांनी काय करायचं ते. आणि सोमवारची वेळ घे."

तासाभरानं फोन झाला. यीवानचं प्रेशर थोडं उतरलं होतं; तिनं उठायला हरकत नव्हती. कूपोला तोंड झाकून, दारं-खिडक्या उघड्या टाकून, लांब बसवायला सांगितलं होतं. इशितानं वहिनीला झोपाळ्यावर बसवलं. पाहुणे नव्हते, गाणी नव्हती. त्र्यंबकराव मास्क चढवून सोफ्याच्या पार टोकाला जाऊन बसले होते.

कूपो खाली आली आणि अंगणाच्या उघड्या दाराशी ठेवलेल्या खुर्चीकडे गेली. बसण्यासाठी ती वळली तेव्हा यीवानला तिची पाठ दिसली.

झोपाळा थांबला. यीवान त्या सैल, तेलकट अंबाड्याकडे बघत राहिली. त्या घट्ट अंबाड्याला तिनं जन्मात कोणाचा हात लागलेला पाहिला नव्हता. लहानपणी तिनं एकदा गंमत म्हणून पिन ओढली होती, तेव्हा तिनं खाल्लेली चापट तिला आजही आठवत असणार.

"कूपो," ती अगदी हळू म्हणाली. "आ-होंग?"

कूपोनं 'ती गेली' अशी मान हलवली.

यीवानचे डोळे वाहू लागले. ती उठायला गेली आणि प्रतिमानं आडवा हात धरला. "नाही बेटा. सोमवारपर्यंत जवळ नाही जायचं."

"आई..." यीवाननं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या तेल लागलेल्या बोटांकडे. "आई, तुमचा कंगवा कुठे आहे?"

उत्तर दाराशी बसलेल्या कूपोनं दिलं. तिनं मूठ उघडली. काळीभोर शिसवीची फणी.

"काय चाललंय काय?" त्र्यंबकराव मास्कमधून म्हणाले. "ही बुधवारी जाणार ना?"

"कुठं जाणार?" प्रतिमा म्हणाली. "बहिणीच्या घरी आहे ती."

त्र्यंबकरावांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मास्क नीट केला.

प्रतिमानं ओटीचं ताट उचललं. खण, नारळ, हळकुंड, तांदूळ. यीवाननं पदर पसरला. प्रतिमानं ओंजळ भरली आणि पदरात घातली. "ही माझी." दाराशी खोकल्याची उबळ आली, लांबली, थांबली. या वेळी घरातली सगळी माणसं थांबली आणि त्यांनी एकदमच प्रतिमाकडे पाहिलं. तिनं ताटात पुन्हा हात घातला.

"आणि ही माझ्या बहिणीची," ती म्हणाली. या ओंजळीतले तांदूळ मात्र सगळे पदरात पडले नाहीत. बरेचसे झोपाळ्याखाली सांडले.